पुराच्या तयारीचं फुकट प्रशिक्षण: २०२३ ला तीन दिवस, २०२५ ला साडेतीन तास

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एकाच प्रशिक्षणाचा आहे पण दोन वेळचा. संस्था तीच, गल्ली तीच, बायकाही बऱ्याचशा त्याच. डिसेंबर २०२३ मध्ये केलं तेव्हा पूर्ण तीन दिवस होतं आणि यंदा ऑगस्टमध्ये परत बोलावलं तेव्हा साडेतीन तासांत आटोपलं. पहिल्याला मी पाचपैकी पाच देते. दुसऱ्याला अडीच, आणि त्यातला एक नुसता शिकवणाऱ्या सरांसाठी. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण नाव वाचलं की लोक त्यांच्यावरच तुटून पडतील आणि जे झालं त्यात त्यांचा वाटा थोडाच आहे, बाकीचं फार लांबून आलंय. ते पण सांगते.

आम्ही राहतो कापड पेठेच्या खालच्या अंगाला, जुन्या वाड्यात. खाली माझं फॉल-पिकोचं दुकान, वर घर. नाशिककरांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला की तो मोजायची आमची पट्टी म्हणजे नदीतली दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती. पायाला पाणी लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, बुडाला. मारुती बुडायच्या बेतात आला की सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. त्यात सरस्वती नाला दहीपुलाकडून येतो, म्हणजे नदी समोरून चढते आणि नाला मागून, मध्ये आम्ही. २००८ ला बघितलं, २०१६ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, आणि सासूबाईंना विचाराल तर त्या म्हणतात हे काहीच नाही, १९६९ चा बघायला पाहिजे होता तुम्ही.

२०१९ चं मला विसरता येत नाही. ४ ऑगस्ट, रविवार होता. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला आणि जिना चढायला नको म्हणून त्यांची खाट आम्ही खालीच, दुकानाच्या मागच्या खोलीत टाकलेली. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या मुलाने त्यांना एकाने खांद्यातून, एकाने पायातून धरून उचललं आणि वर नेलं. त्या ओरडत होत्या आणि आम्ही म्हणत होतो थोडं सहन करा आई, झालंच. वर पोचलो पण त्यानंतर दोन महिने त्यांना कूस बदलता येत नव्हती. आम्ही त्यांना वाचवायला गेलो आणि आम्हीच दुखवलं, कारण उचलायचं कसं हे घरात एकालाही माहीत नव्हतं. मी प्रशिक्षणाला गेले ती या एका गोष्टीसाठी.

तर २०२३ चं सांगते. पहिला दिवस वाया गेला असं आम्हाला वाटलं होतं, कारण सकाळभर हॉलच्या फरशीवर खडूने गल्लीचा नकाशाच काढायला लावला. कुठलं घर, किती माणसं, जिना दगडी का लाकडी, मीटर बॉक्स किती उंचीवर, सिलेंडर कुठे, कुणाच्या गच्चीवरून कुणाच्या गच्चीवर जाता येतं. मग प्रत्येक घरात असं कोण आहे जे स्वतःहून जिना चढू शकत नाही, तिथे कुंकवाचं बोट लावायचं. एकतीस घरांत सात बोटं उठली. मी लग्न होऊन आल्यापासून इथे आहे आणि मला माहीत नव्हतं की समोरच्या वाड्यात मागच्या खोलीत एक आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. पुरात लाईट घालवतात, घालवायलाच पाहिजे, पण लाईट गेली की त्या मशीनचं काय? हा प्रश्न त्या फरशीवर पहिल्यांदा कुणीतरी विचारला. त्यांच्या सुनेने सांगितलं की मी दर पावसाळ्यात याच काळजीत असते पण कुणाला बोलले नाही.

संध्याकाळी जुन्या दुकानदारांना बसवलं आणि त्यांच्याकडून एक तक्ता करून घेतला. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आपण नुसता क्युसेकचा आकडा वाचतो आणि घाबरतो नाहीतर नाही घाबरत. पण सरांनी समजावलं की धरणाचा आकडा अर्धीच गोष्ट आहे, धरणाच्या खाली जो पाऊस पडतो आणि जे नाले येऊन मिळतात ते त्या आकड्यात नसतात, म्हणून होळकर पुलाखालून किती जातंय तो आकडा बघायचा. मग भांडी बाजारातले एक काका म्हणाले, आम्ही आकडे नाही बघत, आम्ही गाडगे महाराज पुलाजवळ अमुक पायरी बघतो. सरांनी ते पण तक्त्यात घेतलं. मला सर तिथेच आवडले. तक्त्यात तीन रकाने होते, आकडा, पायरी, आणि तेव्हा काय करायचं. एका पातळीला खाटा वर, दुसरीला मेन स्विच बंद आणि सिलेंडर बंद, तिसरीला सात घरातली सात माणसं हलवायची, मग माल. माल शेवटी. यावर जाम वाद झाला, व्यापारी पेठ आहे शेवटी, पण तसंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला वाचवायचं. चोवीस जणांत चार पुतळे होते, म्हणजे सहा जणींना एक, प्रत्येकीला पोटभर करायला मिळालं. छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाब मग दोन श्वास. टीव्हीवर बघताना सोपं वाटतं, दोन मिनिटांत घाम निघतो आणि मनगटं दुखतात, म्हणून बदली माणूस लागतो हे करून बघितल्यावरच कळतं. दुपारी उचलायचे प्रकार. खुर्चीवर बसवून दोघांनी, चादरीत घेऊन सहा जणांनी, दोन बांबू आणि दोन शर्टाचं स्ट्रेचर करून. मी सरांना सासूबाईंचं सांगितलं तर त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर ते नाही घेतलं, संध्याकाळी आमच्या घरी आले, जिना मोजला, वळणावर किती जागा आहे बघितलं आणि सांगितलं की तुमच्या जिन्यात चादर वळणार नाही, खुर्चीच लागेल आणि ती पाठीमागे कलती धरून, पाय वरच्या बाजूला नकोत. सासूबाईंनाच बसवून तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, आता दुखलं नाही गं.

तिसरा दिवस घाटावर. दोर, गाठी, बुडणाऱ्याकडे पोहत जायचं नाही, आधी काठी द्यायची, मग दोर फेकायचा, मग तरंगणारं काहीतरी. तेलाचे रिकामे डबे झाकण लावून बांधले तर कसे तरंगतात ते दाखवलं. साचलेल्या पाण्यात चालताना पुढे काठी टेकवत चालायचं कारण गटाराचं झाकण उघडं असू शकतं. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलंय, ते सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं. नंबर पाठ करून घेतले, १०८, ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. गल्लीला एक पेटी दिली, त्यात दोर, लाईफ जॅकेट, हाताने फिरवायचा भोंगा, बॅटऱ्या, शिट्ट्या, फर्स्ट एडचा डबा. जेवण चांगलं होतं, हे पण लिहिते कारण तीन दिवस दुकान बंद ठेवून आलेल्या बाईला गरम जेवण मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

पण खरं सांगू का, पाचवा स्टार मी तीन दिवसांसाठी नाही दिला. तो ताईंसाठी आहे. संस्थेच्या एक ताई होत्या, पस्तिशीच्या, पंचवटीतल्याच, त्यांच्याकडे नदीकाठच्या अकरा वस्त्या होत्या आणि त्या दर तीन महिन्यांनी यायच्या. आल्या की पेटी उघडायच्या, बॅटरीचे सेल बघायच्या, दोर उन्हात टाकायला लावायच्या, नकाशावर बोटं बरोबर आहेत का विचारायच्या (एक आजी वारल्या, एका घरी बाळंतीण आली, असं बदलत राहतं ना), आणि मग रात्री दहाला, दुकानं बंद झाल्यावर, अर्ध्या तासाचा सराव. भोंगा वाजला की कोण कुठल्या घरी पळणार. पहिल्यांदा सातही माणसं हलवायला आम्हाला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. चौथ्यांदा एकोणीस. हे काही जादूने नाही झालं, चारदा केलं म्हणून झालं. आणि पावसाळ्यात ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ त्यांचा मेसेज, होळकर पुलाचा आकडा इतका, आपली पायरी ही, आज झोपा किंवा आज जागं राहा. फेक फॉरवर्ड आला की त्या लगेच लिहायच्या, हे जुनं आहे, घाबरू नका.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या आल्या आणि म्हणाल्या मार्चपर्यंतच आहे मी. आम्हाला वाटलं दुसरी नोकरी लागली. मग त्यांनी सांगितलं की प्रोजेक्टच बंद होतोय, बाहेरचा पैसा थांबला.

आता हे लांबून आलंय म्हणाले ते असं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष बसले आणि त्याच दिवशी त्यांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवायचा आदेश काढला. मार्चमध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की यूएसएडचे, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेचे, ८३ टक्के कार्यक्रम रद्द, आणि १ जुलैपासून १९६१ साली सुरू झालेली ती संस्था मदतीचं काम करायची बंदच झाली, उरलेलं सगळं परराष्ट्र खात्याकडे. तिकडे ब्रिटनने फेब्रुवारीतच सांगितलं की मदतीवरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार. आमच्या संस्थेला अमेरिकेचा थेट एक रुपया नव्हता असं सरांनी सांगितलं. त्यांना युरोपातल्या एका मोठ्या संस्थेकडून यायचा, पण त्या मोठ्या संस्थेचा स्वतःचा मोठा हिस्सा सरकारांकडून यायचा, तो घटला, मग त्यांनी जगभरातली यादी काढली आणि बघितलं कुठे आज माणसं मरतायत आणि कुठे अजून काही झालेलं नाही. आम्ही अजून काही न झालेल्यांच्या यादीत होतो. मला त्यांचा राग पण करता येत नाही. भुकेल्या पोराचं ताट आणि आमच्या गल्लीची शिट्टी यात मीसुद्धा ताटच निवडलं असतं. पण कात्री नेहमी तयारीलाच आधी लागते, कारण जे घडलंच नाही त्याचा फोटो कुणाला पाठवता येत नाही.

आणि नुसतं आमचंच नाही. १९८५ पासून दुष्काळ आणि उपासमारीचा आधीच इशारा देणारी फ्यूजनेट नावाची यंत्रणा अमेरिकेच्या पैशावर चालायची, ती जानेवारी २०२५ मध्ये अचानक बंद पडली, काही महिन्यांनी परत सुरू झाली. हे वाचलं तेव्हा मला आमचा ग्रुप आठवला. आमचाही तसाच गप्प झाला, फक्त आमचा परत सुरू झाला नाही. २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला, तिथे अमेरिकेने मदतीला तीन माणसं पाठवली आणि ती तिथे काम करत असतानाच त्यांना नोकरी गेल्याचं कळवलं. आमच्या ताईंनी शेवटच्या आठवड्यात आमच्या पेटीतले सेल बदलले होते, स्वतःच्या पैशाने. मला ती माणसं कशी असतील ते बरोबर कळतं.

ग्रुपवर हे मी टाकलं तर एका काकांनी लिहिलं, चांगलंय की, आपल्या देशाला कशाला हवी कुणाची भीक, २००४ च्या त्सुनामीपासून आपण परदेशी सरकारांची मदत घेत नाही. बरोबर आहे काकांचं, २०१८ ला केरळच्या पुरातही नाही घेतली. पण ते आपत्ती आल्यानंतरच्या मदतीचं आहे. आधीच्या तयारीत बाहेरचा हात खूप वर्षं होता आणि त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्याच अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात यूएसएडबरोबरचे सात प्रकल्प आहेत, एकूण ७५ कोटी डॉलरचे, शेती, पाणी-स्वच्छता, आरोग्य यांच्याबरोबर आपत्ती व्यवस्थापन पण त्यात आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती दलाचे, एनडीआरएफचे जवान जे एमएफआर आणि सीएसएसआर कोर्स करतात, म्हणजे जखमीला जागेवर सांभाळणं आणि पडलेल्या इमारतीतून माणूस काढणं, ते आशियात १९९८ साली सुरू झालेल्या पीअर नावाच्या कार्यक्रमातून रुजले, त्याचा पैसा यूएसएडचा आणि पुढे बरीच वर्षं तो चालवला नेपाळच्या एका संस्थेने. आमचे सर त्याच धाटणीतलं वस्तीपातळीचं प्रशिक्षण घेऊन आलेले. म्हणजे नेपाळमध्ये घासून तयार झालेली गोष्ट कापड पेठेतल्या जिन्यावर माझ्या सासूबाईंच्या कामाला आली. याला मी भीक नाही म्हणणार.

अजून एक गोष्ट, जी मला आधी माहीत नव्हती. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, त्यानंतर बाहेरून पैसे आलेली संस्था ते पैसे दुसऱ्या छोट्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि ऑफिस, पगार वगैरे प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्यामागे सरकारची कारणं असतील, पैशाचा गैरवापर होतो हे मी पण ऐकलंय. पण आमच्यासाठी त्याचा अर्थ असा झाला की मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे बाहेरचा पैसा उरलेला असला तरी तो आमच्या छोट्या संस्थेच्या हातात येऊ शकत नाही. एक दार बंद झालं तर दुसरं उघडायचं, इथे दुसरं आधीच बंद होतं.

मग सरकारी व्यवस्था आहे की, असं पण लोक म्हणतात. आहे, आणि ती वाईट नाही. ‘आपदा मित्र’ योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, आमच्यापेक्षा कितीतरी पक्कं, विमा मिळतो, किट मिळतं, २०२१ नंतर देशभरात ३५० जिल्ह्यांत एक लाख लोक तयार करायचं ठरवलं होतं. पण ते १८ ते ४० वयाच्यांसाठी. दुपारी बारा वाजता आमच्या गल्लीत घरी कोण असतं हे बघा, साठीच्या बायका, शाळेतून आलेली पोरं आणि मी. राज्याचं एसडीआरएफ धुळ्याला आणि नागपूरला, एनडीआरएफ पुण्याला. ते येतात, मनापासून काम करतात, पण रस्ता रस्ता आहे, पहिले दोन-तीन तास शेजाऱ्यांचेच असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी ठेवले आणि त्यात दहा टक्के निव्वळ तयारी आणि प्रशिक्षणासाठी. वाचून बरं वाटलं. माझं म्हणणं एवढंच की त्या दहा टक्क्यातून दर तीन महिन्यांनी पेटी उघडणाऱ्या एका ताईंचा पगार निघायला हवा, ट्रेनिंग एकदा झालं, फोटो झाला, संपलं असं नको.

आता यंदाचं प्रशिक्षण. सर स्वतः फोन करून बोलवत होते, आवाजातच थकवा. समाजमंदिरात, सतरंजीवर, आम्ही पन्नासच्या वर आणि पुतळा एक. प्रत्येकीला दाबायला अर्धा मिनिट सुद्धा मिळालं नाही, मागच्या रांगेतल्यांनी नुसतं बघितलं, आणि सीपीआर बघून येत नाही हे वर लिहिलंच आहे. नकाशा काढला नाही, प्रोजेक्टरवर तयार दाखवला, दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचा. नव्या मुली ज्या पहिल्यांदाच आल्या होत्या त्यांना वाटलं हेच प्रशिक्षण. उचलायचे प्रकार वीस मिनिटांत. घाट नाही, दोर नाही, नवीन पेटी नाही. सरांना मी दोष देत नाही, ते एकटे होते, आधी तिघे यायचे, घसा बसेपर्यंत बोलले, आणि शेवटी म्हणाले जेवढं जमतंय तेवढं करतोय, थांबलो तर पूर्णच थांबेल. म्हणून तो एक स्टार.

पण संस्थेबद्दल तक्रार आहे आणि ती करणार. पैसा चालू होता तेव्हा त्यांनी एकदाही आमच्याबरोबर बसून असं म्हटलं नाही की बघा, हे तीन वर्षांचं आहे, चौथ्या वर्षी तुमचं तुम्ही कसं चालवणार. हजेरीवर सह्या भरपूर घेतल्या, बॅनरसमोर फोटो भरपूर काढले, सही आणि फोटोशिवाय पैसा येत नसेल हे समजू शकते, पण पेटीची किल्ली कुणाकडे राहणार हे ठरवलं नाही. पेटी एका मंडळाच्या कपाटात आणि किल्ली ज्याच्याकडे तो पोरगा नोकरीला चाकणला. जुलैमध्ये एका रात्री पाणी वाढतंय असं कळलं तेव्हा कुलूप तोडलं. आत सेल गळून बॅटरी खराब, फर्स्ट एडमधली औषधं मुदत संपलेली, दोर न वाळवता ठेवलेला म्हणून काळा पडलेला. लाईफ जॅकेट सगळी मोठ्या मापाची, पोरांच्या मापाचं एकही नाही, हे तर पहिल्या दिवसापासून. आणि ती पुस्तिका! ‘आपत्ती धोके न्यूनीकरण व क्षमता वर्धन’ असलं मराठी आमच्या गल्लीत कोण वाचणार, ताईंनी शेवटी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहून दिल्या त्या आजही सगळ्यांच्या फ्रीजवर आहेत.

त्या रात्री पाणी उंबऱ्यापर्यंत आलं नाही. पण आम्ही तयारीत राहावं म्हणून सात जणांची घरं फिरलो तर एकतीसमधली पाच घरं अशी निघाली जिथे भाडेकरू नवीन आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही, आणि सात बोटांची नऊ झालेली. नकाशा दीड वर्षात जुना होतो, हे ताई नेहमी सांगायच्या.

हे मी आत्ता का लिहितेय तर २०२७. सिंहस्थ कुंभमेळा. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा, स्नानाच्या मोठ्या पर्वण्या सगळ्या पावसाळ्यातच. रामकुंडाकडे जाणारे रस्ते आमच्या पायाखालचे आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला चेंगराचेंगरी झाली, ३९ लोक गेले, ते दिवस ज्यांनी बघितलेत ते अजून त्या उताराने जाताना गप्प होतात. मोठा बंदोबस्त असेल, पैसा येईल, घाट होतील, पूल होतील, मला त्याबद्दल शंका नाही. पण गर्दी जेव्हा गल्लीत शिरते तेव्हा कुठला वाडा मागून उघडतो आणि कुठल्या गच्चीवर पन्नास माणसं मावतात हे फक्त गल्लीलाच माहीत असतं, आणि ते कागदावर असलं पाहिजे, सरावात असलं पाहिजे, म्हणजे अजून किमान सात-आठ वेळा भोंगा वाजला पाहिजे. एका साडेतीन तासाने नाही होत ते.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. घरटी महिना पन्नास रुपये काढतो. मी दुकानदार बाई आहे, हिशोब केला, सेल, औषधं, दोर, एवढ्याला पुरतात आणि थोडे उरतात. गणपतीच्या वर्गणीबरोबर वेगळी पावती करतो, मंडळाच्या पोरांनी पहिल्याच वर्षी मान्य केलं, त्यांचं कौतुक आहे. ताई आता एका दुकानात काउंटरवर आहेत, आम्ही त्यांना विचारलं दर तीन महिन्यांनी एक रात्र याल का, तर आल्या, रिक्षाचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या, बळेच दिले. ऑक्टोबरमध्ये सराव झाला, नऊ माणसं, एकतीस मिनिटं. एकोणीस होतो, एकतीस झालो. पण ताईंना एका गल्लीने बोलावलं म्हणजे बाकीच्या दहा वस्त्यांचं काय, हे त्या पण विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. पन्नास रुपये आमच्या पेठेत निघतात, घाटाजवळच्या झोपडपट्टीत नाही निघत, आणि पाणी आधी तिथे चढतं. बाहेरचा पैसा खरा तिथेच लागत होता.

तर जायचं का? हो, बोलावणं आलं तर जाच, साडेतीन तास का होईना. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, गुडघ्यावर बसायचं असतं. पुढच्या रांगेत बसा म्हणजे पुतळ्यावर हात पडेल, आणि हात पडला की दोन मिनिटं सोडू नका, मागची ओरडली तरी. सरांना तुमच्या घरातलं जे माणूस चढू शकत नाही त्याचं आधीच सांगा, ते वेळ काढतात. आणि निघताना पेटीबद्दल विचारा, तुमच्या वस्तीला जुनी मिळालेली असेल तर ती कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे. आमची आता माझ्या दुकानात, फॉलच्या खोक्यांच्या वरच्या फळीवर आहे, कुलूप काढून टाकलंय.